विश्लेषण : जुन्या पायमशीनला गुडघ्याने चालणारा ‘लिफ्टर’ बसवता येतो का?

पाय पायडलवर, उजवा हात चाकावर, डाव्या हाताखाली कापड. ब्लाऊजच्या गळ्याचा कोपरा आला की सुई कापडात रुतवून ठेवायची, प्रेशर फूट वर करायचा, कापड वळवायचे आणि फूट पुन्हा खाली सोडायचा. यात फूट उचलायचा खटका असतो हेडच्या मागच्या बाजूला. तिथे हात न्यायचा तर कापड सोडावे लागते किंवा चाक तरी. दोन थरांचे सुती कापड असेल तर फारसे बिघडत नाही. अस्तर लावलेला सुळसुळीत रेशमी ब्लाऊज असेल तर त्या क्षणभरात अस्तर सरकते आणि शिवण उसवून पुन्हा घालावी लागते.

कारखान्यातल्या मशीनवर ही अडचण नसते. तिथे टेबलाखाली उजव्या गुडघ्याजवळ एक गादी लावलेली दांडी असते. गुडघा बाजूला रेटला की फूट वर येतो, सोडला की खाली बसतो. यालाच कारागीर ‘नी लिफ्टर’ म्हणतात. गारमेंटच्या कामावर काही महिने हात बसलेली बाई गावी येऊन घरच्या जुन्या पायमशीनवर बसली की गुडघा आपोआप उजवीकडे जातो, पण तिथे काहीच नसते. तो भाग जुन्या मशीनला जोडता येतो का? येतो, पण घाईने जोडला तर मशीन आधीपेक्षा वाईट शिवू लागते.

मुळात जुने मशीन ठेवायचेच कशाला?

पाटण तालुक्यात या प्रश्नाचे एक उत्तर पावसात आहे. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आणि धरण याच तालुक्यात. तरी वाऱ्यापावसात तारांवर फांदी पडली की वाडीवस्तीवर मोटारीचे मशीन बंद आणि पायमशीन चालू. शाळेचे गणवेश नेमके याच दिवसांत हवे असतात.

दुसरे उत्तर लोखंडात आहे. ‘उषा’ आणि तिच्या काळातल्या इतर काळ्या मशीनचे हेड ओतीव लोखंडाचे असते आणि आतले भाग झिजले तरी बदलता येतात. त्यांची मूळ रचना सिंगरच्या जुन्या नमुन्यांवर बेतलेली आहे. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले. कापड एकेक टाका पुढे सरकवणाऱ्या दात्यांची आज सर्वत्र दिसणारी चार हालचालींची पद्धत ॲलन विल्सनने १८५४ मध्ये पेटंट केली. तेव्हापासून गाभा फारसा बदललेला नाही. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिलाई मशीनला अपवाद मानले होते.

नवे मशीन नकोच असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे. प्रशिक्षणादरम्यान दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत त्यात मिळते. घरातले मशीन नीट शिवत असेल आणि अडचण फक्त खटक्याची असेल, तर मात्र आधी लिफ्टरचा विचार करावा. तो लागेल की नाही हे ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे एक पूर्ण ब्लाऊज शिवताना हात खटक्याकडे किती वेळा जातो ते मोजणे. समजा चाळीस वेळा गेला आणि दिवसाला चार ब्लाऊज होत असतील, तर तो हात १६० वेळा खांद्यातून वळून मागे जातो. वेळेपेक्षा हा खांद्याचा हिशेब मोठा आहे. खांदा धरलेल्या किंवा एका हातात जोर कमी असलेल्या व्यक्तीसाठी तर लिफ्टरमुळे धंदा चालू राहू शकतो.

हे चालते कसे?

प्रेशर फूट एका उभ्या दांड्याच्या टोकाला असतो. दांड्यावरची स्प्रिंग त्याला सतत खाली दाबते. खटका वर केला की त्याचा फुगीर भाग दांड्यावरच्या कडीला उचलतो आणि फूट काही मिलिमीटर वर येतो. लिफ्टरला एवढेच करायचे असते, फक्त हाताऐवजी गुडघ्याने.

पहिली कल्पना सुचते ती खटक्याला तार बांधून सरळ खाली ओढण्याची. ती दोन कारणांनी फसते. खटका वर न्यायचा आहे, खाली ओढून तो उचलला जात नाही. शिवून झालेले कापडही नेमके तिथूनच मागे सरकते, त्यामुळे तार कापडाच्या वाटेत येते. म्हणून हेडच्या आडव्या हातामागे एक पट्टी बसवतात, लहान मुलांच्या ‘सी-सॉ’सारखी. पट्टीचे डावे टोक छोट्या कडीने खटक्याला जोडलेले, मध्ये खिळ आणि उजवे टोक हेडच्या उभ्या खांबामागे. उजवे टोक खाली ओढले की डावे वर जाते. तार खांबामागून टेबलातल्या भोकातून खाली जाते आणि कापडाची वाट मोकळी राहते.

टेबलाखाली पुढून मागे जाणारी एक गोल सळई दोन क्लॅम्पमध्ये सैल फिरेल अशी बसवतात. पुढच्या टोकाला खाली लोंबणारी दांडी आणि तिला गादी, मागच्या टोकाला आडवा हात आणि त्याला तार. आडवा हात कोणत्या बाजूला ठेवायचा, यात गफलत होते. गुडघा गादीला उजवीकडे रेटतो तेव्हा सळईच्या डाव्या बाजूचा हात खाली जातो आणि उजव्या बाजूचा वर. आपल्याला तार खाली ओढायची आहे, म्हणून हात डावीकडे हवा. उलट बसवला तर गुडघा कितीही रेटा, तार ढिलीच पडत राहते.

दांडी किती लांब ठेवावी हे साध्या तरफेच्या गणिताने ठरते. सळईपासून गादी २४ सेंटिमीटरवर आणि तार ६ सेंटिमीटरवर असेल, तर गुडघा ८ सेंटिमीटर सरकल्यावर तार २ सेंटिमीटर ओढली जाते आणि जोर चौपट होतो. तारेचा हात लांबवला तर गुडघ्याला कमी सरकावे लागते, पण जोर जास्त लागतो. आपल्या खटक्याचे टोक खालून वर किती जाते ते पट्टीने मोजावे आणि त्यावरून प्रमाण ठरवावे.

पायमशीनवर अडचण कुठे येते?

मोटारीच्या मशीनला टेबलाखाली मोकळी जागा असते. पायमशीनच्या स्टँडमध्ये उजवीकडे मोठे चाक आणि वादी असते, काही टेबलांना खणही असतो. गादी पूर्ण उजवीकडे गेल्यावर चाकाला लागत नाही ना, हे भोके पाडण्याआधी खडूने खूण करून आणि प्रत्यक्ष बसून पाहावे. साडीच्या निऱ्या गादी आणि चाकाच्या मध्ये ओढल्या जात असतील तर तिथे पत्र्याचा आडोसा हवाच. जागाच नसेल तर डाव्या गुडघ्याचा लिफ्टर करता येतो. तेव्हा गादी डावीकडे रेटायची आणि तारेचा हात उजवीकडे ठेवायचा.

पायडल मारताना गुडघे सतत वरखाली होतात, मग गादीला धक्के बसणार नाहीत का? गादी गुडघ्यापासून दोनतीन बोटे लांब ठेवली तर बसत नाहीत. फूट उचलायचा असतो तेव्हा मशीन थांबलेलेच असते, त्यामुळे पायडल आणि लिफ्टर ही कामे एका वेळी कधी येत नाहीत. पायांना सवय व्हायला मात्र थोडे दिवस द्यावे लागतात.

तारेसाठी सायकलच्या ब्रेकची तार उत्तम. बाहेरच्या नळीसकट वापरली तर ती कोपऱ्यातूनही वळवता येते, त्यामुळे अडचणीच्या स्टँडलाही बसते. सुतळी किंवा नायलॉनची दोरी वापरू नये. ती ताणून लांब होते आणि फूट रोज थोडा कमी उचलला जातो.

हेडला भोक पाडायचे का?

शक्यतो नाही. सगळ्या कामात सर्वात महागडी चूक होते ती इथेच. ओतीव लोखंड ठिसूळ असते आणि आडव्या हाताच्या पोकळीतून मुख्य शाफ्ट फिरत असतो. अंदाजाने ड्रिल चालवले आणि आतल्या भागाला लागले किंवा बीड तडकले, तर लिफ्टरच्या नादात हेडच जाते. टेलर लोक वापरतात त्या मोठ्या मॉडेलच्या काही हेडना मागच्या बाजूला आटे पाडलेले भोक आधीच असते. तसे असेल तर पट्टीची खिळ तिथेच बसते. नसेल तर हाताभोवती घट्ट बसणारा पत्र्याचा पट्टा करून त्यावर खिळ घ्यावी. वेल्डिंगवाल्याकडे हेड न्यायचे नाही, पट्टी आणि सळई न्यायची.

बसवल्यावर काय तपासायचे?

तार थोडी ढिली असलीच पाहिजे. गुडघा गादीला लागलेला नसताना तारेत दोनतीन मिलिमीटर झोल हवा. तार ताणलेली राहिली तर फूट कापडावर पूर्ण दाबत नाही, दात्यांची पकड सुटते आणि टाके लहानमोठे पडतात. मग टाका बिघडला म्हणून कोणी टेन्शनचा स्क्रू फिरवते, कोणी सुई बदलते, आणि खरे कारण टेबलाखाली लोंबत राहते. खात्री करायला एकाच कापडावर एक शिवण तार काढून आणि दुसरी तार लावून घालावी. दोन्ही शिवणी सारख्या दिसल्या पाहिजेत.

खटका एका मर्यादेपलीकडे गेला की वरच अडकतो. हाताने उचलताना ही सोय असते, गुडघ्याने उचलताना अडचण, कारण गुडघा सोडला तरी फूट खाली येत नाही. टेबलाखाली दांडीच्या वाटेत एक बोल्ट रोध म्हणून लावावा आणि खटका अडकण्याच्या जरा आधीच दांडी थांबेल असा तो बसवावा. कापड घालायला-काढायला खटका हाताने पूर्ण वर करता येतोच.

बऱ्याच मशीनमध्ये फूट उचलला की वरच्या दोऱ्याच्या चकत्याही ढिल्या होतात. लिफ्टरने फूट उचलून दोरा हाताने ओढून पाहावा. खटका वर असताना तो जितका सहज येतो तितका येत नसेल, तर उचल कमी पडते आहे. कोपरा वळवताना दोरा तुटण्याचे किंवा सुई वाकण्याचे कारण तिथे असू शकते.

जुनी वाकळ मशीनवर जोडायची असेल, तर जाड थरांसाठी उचल पुरेल का हे आधीच पाहावे. लिफ्टर खटक्यापेक्षा थोडा कमीच उचलतो. वाकळ आत सरकवताना खटकाच वापरावा लागेल, लिफ्टर फक्त वळणांपुरता.

गादी परत जागेवर यायला सळईला एक हलकी स्प्रिंग लावतात. ती कडक असेल तर दिवसभरात मांडी भरून येते. जूनपासून पाटणच्या हवेत उघडे लोखंड लवकर गंजते, म्हणून सळईला रंग द्यावा आणि खिळीला हेडबरोबरच मशीनच्या तेलाचा थेंब द्यावा. तेल घालायला हेड मागे पाडण्यापूर्वी खांबामागच्या तारेची कडी काढायची. तारेला बांधून टाकलेली गाठ नको, सुटणारा हूकच हवा. नाहीतर हेड पाडताना पट्टी वाकते किंवा खटका मोडतो.