फाउंडेशनची तार

मोटारीचे इंजिन ज्या बैठकींवर टेकलेले असते आणि ज्यांना गॅरेजांत सर्रास फाउंडेशन म्हणतात, त्यांच्याकडे, रबर फाटून गियर बदलताना धक्का बसू लागेपर्यंत, वाहनमालकाचे लक्ष सहसा जात नाही. लोखंड व रबर यांच्या या साध्या संयोगाने दीर्घकाळ निमूट सेवा केली. परंतु इंधनाची बचत हे ध्येय ठरल्यापासून या बैठकीवर असा भार आला की तो केवळ रबराच्या सहनशक्तीने पेलणे अशक्य झाले.

होंडा कंपनीने 2003 साली जपानात ‘इन्स्पायर’ ही मोटार आणली, तेव्हा तिच्या सहा सिलिंडरांपैकी तीन, रस्ता मोकळा व भार हलका असताना, आपोआप स्वस्थ राहतील अशी तजवीज तिच्यात होती. मिनिटाला 1500 फेऱ्यांवर सहा सिलिंडरांत सेकंदाला 75 स्फोट होतात. तीनच चालू राहिले की ते साडेसदतीसवर येतात, आणि ही मंद, जड थरथर थेट आसनापर्यंत पोहोचते. म्हणून द्रवाने भरलेल्या बैठकीत विद्युतचुंबक बसवून, इंजिनाच्या कंपनाशी लय साधत आतील पडदा हलवून ते कंपन चौकटीपाशीच शमविण्याचा उपाय योजला गेला. पुढे ऑडीनेही आठ सिलिंडरांच्या ‘एस 8’ मोटारीत हाच मार्ग धरला. बैठक अशी सजग झाली खरी, पण तिला तार आली, कपलर आला आणि त्यांच्यासोबत त्यांचे विकारही आले.

अशी वाहने बुलढाणा जिल्ह्यात मोजकीच. तथापि डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून दूरदूरच्या मोटारी धावू लागल्या आहेत, आणि वैशाखातला उष्मा, काळ्या मातीची धूळ व तारा कुरतडणारे उंदीर यांचा उपद्रव कितीही महागड्या वाहनाला चुकत नाही.

डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागतो, मिस्त्री स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर ‘पी0ए14’ हा संकेत उमटतो. त्याचा प्रमाणित अर्थ एवढाच, की बैठकीच्या नियंत्रणाचे सर्किट सदोष वा खंडित आहे. बैठक निकामी झाली, असे तो कोठेही म्हणत नाही; तरीही पुष्कळदा पहिला घाव बैठकीवरच पडतो, नवी बैठक बसते, मोठी रक्कम खर्ची पडते आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. संकेत म्हणजे फिर्याद होय, निकाल नव्हे. आणि फिर्यादीवरूनच शिक्षा सुनावण्याची ही रीत मला ग्राहकावरील उघड अन्याय वाटते.

तपासाचा योग्य क्रम बॅटरीपासून सुरू होतो: इंजिन बंद असता सुमारे 12.6 व्होल्ट, चालू असता 14च्या आसपास. मग फ्यूज व रिले. त्यानंतर बैठकीचा कपलर काढून आतल्या कॉइलचा रोध मोजावा, तो कंपनीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावा आणि कॉइल अर्थला शॉर्ट नाही याची खातरजमा करावी. येथवर सारे ठीक निघाले, की खरे कौशल्य पणाला लागते.

इंजिन हलते आणि चौकट स्थिर राहते. त्या दोहोंमधून जाणारी तार वर्षानुवर्षे एकाच जागी वाकत राहून वरचे आवरण शाबूत असताना आतून तुटत जाते. तिच्यातील तांब्याचा एकच तंतू उरला, तरी मल्टिमीटर ती निर्दोष असल्याचा दाखला देतो. कारण रोध मोजताना तो जो प्रवाह सोडतो, तो इतका क्षीण असतो की एका तंतूलाही तो सहज वाहून नेता येतो. म्हणून कंट्रोल युनिटचा कपलर आधी काढून ठेवावा आणि त्या तारेतून 21 वॉटचा बल्ब पेटवावा. सुमारे पावणेदोन अँपिअरचा हा भार पडताच खोटी तार उघडी पडते: बल्ब मिणमिणतो, आणि तार हाताने हळूहळू वाकवीत नेली की नेमक्या एका जागी तो विझतो. बुलढाण्याजवळच्या राजूर घाटाच्या चढणीवर जोर लागून इंजिन कलंडताच दोष का दिसतो आणि पठारावर येताच का नाहीसा होतो, याचा उलगडाही तेथेच होतो.

ती जागा सापडल्यावर दोन टोके पिळून वर टेप गुंडाळण्याची घाई करू नये. पहिल्या पावसाळ्यातच ओल शिरून तांबे हिरवे पडते. खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी तार डाखावी, त्यावर आवरणाची नळी तापवून घट्ट बसवावी, इंजिनाच्या हालचालीपुरती ढील ठेवावी आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर पक्की क्लिप लावावी. मगच संकेत पुसावा, आणि मालकाला शेजारी बसवून गाडी भरल्या भाराने एकदा त्याच घाटातून नेऊन आणावी.