जांभळाची नोंदवही

लहान मुलांनी ऋतू पाहायचे आणि नोंदवायचे, तर त्यासाठी एक झाड, एक ठरलेला वार आणि एक वही पुरते. दर आठवड्याला त्याच झाडाखाली उभे राहायचे, दिसेल ते तारीख घालून लिहायचे किंवा काढायचे. सहलीत पाहिलेले झाड मुलांना आवडते, पण त्यात ऋतू दिसत नाही. तेच झाड पुन्हा पुन्हा पाहिले, की त्याचे बदलणे लक्षात येते. म्हणून निरीक्षणाच्या जागा वाढवण्यापेक्षा एकाच जागी वर्षभर टिकून राहणे जास्त मोलाचे.

बदलापूरच्या शिरगावात असे झाड निवडायचे, तर पहिला मान जांभळाचा. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वस्ती वाढत गेली तरी आवारात, रस्त्याकडेला जांभळे अजून उभी आहेत. जांभूळ सहसा पूर्ण उघडे होत नाही. जुनी पाने गळत असतानाच तांबूस, चकचकीत कोवळी पाने येत राहतात. मार्च-एप्रिलमध्ये पांढुरक्या, बारीक फुलांचे घोस लागतात. ते उंचावर असतात, त्यामुळे मुलांना ते आधी दिसत नाहीत. आधी मधमाश्यांचा गुणगुणाट ऐकू येतो, मग खाली पडलेल्या केसरांचा सडा दिसतो. मेमध्ये हिरवी फळे गुलाबी होऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर काळीभोर होऊन टपटप पडतात. फरशीवर जांभळे डाग, पक्ष्यांच्या विष्ठेत बिया, चपलांचे रंगलेले तळवे हे सगळे नोंदवहीत यायला हवे. चार वर्षांच्या मुलाने बोटाने उमटवलेला जांभळा ठसा आणि खाली मोठ्यांनी घातलेली तारीख ही पुरेशी नोंद झाली.

पाठ्यपुस्तकातील ऋतूंचे चित्र आणि दारातले झाड यांचा मेळ दर वेळी बसत नाही, हे अशा वहीतूनच कळते. थंडीत पाने गळतात आणि मग पालवी फुटते, एवढ्यावर इथली गोष्ट संपत नाही. पिंपळाला तांबूस पालवी फुटते ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, पाऊस कितीतरी दूर असताना. पळस आणि काटेसावर पाने झडल्यावर फुलतात. सागाला तुरे येतात ते पावसात. बहावा एप्रिल-मेच्या कडक उन्हात पिवळाधमक होतो. मुलाला हे सांगितले तर ते विसरेल, पण स्वतःच्या वहीत सापडले तर ‘असे का?’ हा प्रश्न त्याचा स्वतःचा होतो.

नोंद कशी करायची हे वयावर अवलंबून आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाने बोलावे आणि मोठ्यांनी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शब्द सुधारू नयेत. पाच-सहा वर्षांचे मूल खुणा करू शकते. पान, कळी, फूल, कच्चे फळ, पिकलेले फळ यांची छोटी चित्रे आणि त्यांपुढे ‘नाही’, ‘थोडे’, ‘पुष्कळ’ एवढे तीन पर्याय ठेवावेत. सात-आठव्या वर्षी मोजमाप सुरू होते. दोऱ्याने खोडाचा घेर घेता येतो, सरळ बाजूंच्या बाटलीत साठलेला पाऊस पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजता येतो. ‘काहीच बदल नाही’ हीसुद्धा नोंद आहे आणि ती गाळू नये. कळ्या नेमक्या कोणत्या आठवड्यात आल्या, हे आधीच्या रिकाम्या आठवड्यांमुळेच ठरते.

झाडाबरोबर पक्षी आणि किडेही येतातच. मेअखेरीस काजवे, पावशाची ‘पेरते व्हा’ अशी हाक, पहिल्या सरींनंतर जमिनीवर चालणारा लाल मखमली मृगाचा किडा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेपटी हलवत उतरणारे धोबी. पहिल्या जोरदार पावसात ओढ्यांतून आणि शेतांतल्या पाण्यातून मासे वर चढतात. ती वलगण, टाकळा आणि शेवळे बाजारात येण्याचा आठवडा, या गोष्टी आजी-आजोबांना विचारून लिहाव्यात. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. प्रत्यक्षात २०२३ मध्ये तो २५ जूनला आला आणि २०२५ मध्ये २६ मे रोजीच दाखल झाला. आपल्या गल्लीत पहिला पाऊस कधी पडला हे वहीत असेल, तर या आकड्यांना मुलाच्या लेखी अर्थ येतो.

निसर्गातून शिकवण्याच्या या कामाला जुन्या ठाणे जिल्ह्यातच एक मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते अखेरपर्यंत चालवले. कोसबाड आता पालघर जिल्ह्यात येते. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, पाने, शिंपले, खडे आले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणे जमेना, तेव्हा शाळाच कुरणावर नेली, ती कुरणशाळा. बालवाडीच्या शिक्षणाला निसर्ग हा जोडविषय नसून तोच त्याचे साहित्य आहे, हे या दोघींनी करून दाखवले. आज बालवाड्यांच्या भिंतींवर छापील ऋतुचक्र लावले जाते. त्याऐवजी दारातले झाड दाखवण्याचे धाडस अधिक शाळांनी करायला हवे.

मुलांच्या नोंदी विज्ञानालाही लागतात. पालवी, फुलोरा, फळे, पक्ष्यांचे येणे-जाणे यांच्या वेळांचा अभ्यास म्हणजे फेनॉलॉजी. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ मध्ये अशा नोंदी सुरू केल्या आणि त्याच्या घराण्याने त्या पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या. हवामानबदल तपासताना आज त्या उपयोगी पडतात. भारतात ‘सीझनवॉच’ हा उपक्रम शाळकरी मुलांकडून आणि नागरिकांकडून झाडांच्या साप्ताहिक नोंदी गोळा करतो. केरळात त्याला शाळांची मोठी साथ मिळाली. तिथे एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषू सणाचे फूल म्हणजे बहावा. तो सणाच्या बराच आधी फुललेला दिसतो, हे अशा नोंदींतून पुढे आले.

महाराष्ट्रातील शाळांपुढे एक खरी अडचण आहे. झाडांच्या दृष्टीने सर्वात गजबजलेला काळ एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंतचा, आणि नेमकी तेव्हा सुट्टी असते. बहावा, जांभूळ, काजवे, पहिला पाऊस हे सारे त्या वेळी घडते. म्हणून सुट्टीत वही मुलांच्या घरी जायला हवी. दुसरी अडचण इयत्ता बदलण्याची. मुले वरच्या वर्गात जातात, वही कपाटात जाते. ती झाडाच्या नावाने ठेवली आणि नव्या वर्गाच्या हाती दिली, तर तिसऱ्या वर्षी तुलना करता येते. यंदा फुले लवकर आली की उशिरा, हे तेव्हाच सांगता येते.

ज्यांच्या आसपास झाडच नाही, अशा घरांसाठी ऊन आहे. दक्षिणेकडच्या खिडकीतून फरशीवर येणाऱ्या कवडशाच्या टोकाला दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच वेळी खडूने खूण करावी. डिसेंबरमध्ये तो खोलीत दूरवर शिरतो आणि उन्हाळ्यात खिडकीकडे सरकतो. बदलापूरच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण दिसेनाशी होते. जुलैच्या अखेरीसही तेच घडते, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

काळजी मोजकीच, पण कडक घ्यावी. अनोळखी फळ किंवा बी तोंडात घालू नये. गुंज, एरंड, कण्हेर विषारी आहेत. खाजकुइलीच्या शेंगांना हात लावू नये. पावसाळ्यात उल्हास नदीच्या आणि ओढ्यांच्या काठी लहान मुलांना नेऊ नये, त्या नोंदी घराच्या गच्चीवरून कराव्यात. गवतात शिरताना मोठे माणूस पुढे असावे. पाने आणि फुले पडलेलीच उचलावीत, कारण फांदीवरची कळी तोडली तर पुढच्या आठवड्याची नोंदच जाते.