घरच्या लक्ष्मीचें ऋण व सातबाराचा उतारा

शरद ऋतु हा आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील कास्तकाराच्या घरीं देण्याघेण्याचा काळ होय. उडीद, मूग व सोयाबीन घरांत येतात आणि त्याच सुमारास रब्बीची जोंधळा, हरभरा व करडई जमिनींत जातात. जमा आणि खर्च, दोन्ही पानें एकाच वेळीं उघडीं असतात. ज्यांच्या बळावर ही जमा झाली त्यांचें ऋण अशा वेळीं मान्य करावें, अशी चाल वाडवडिलांनीं घालून दिली आहे. ती चाल नुसत्या भावनेची नसून तींत व्यवहार आहे, हें प्रथम दाखवावयाचें आहे. आणि त्या व्यवहारांत एक मोठी बाकी राहून गेली आहे, ती कशी फेडतां येईल हें नंतर सांगावयाचें आहे.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस तुळजापुरीं श्रीतुळजाभवानीची घटस्थापना होते व त्याच दिवशीं गांवोगांव घरोघर घट बसतात. वावरांतील काळी माती आणून ती पत्रावळीवर पसरतात, तींत धान्य पेरतात व मध्यें पाण्यानें भरलेला मातीचा घट ठेवितात. घटांतून पाणी झिरपून मातीस ओल मिळते व दसऱ्यापर्यंत हातभर नव्हे तरी वीतभर कोंब दिसूं लागतात. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घरच्या बियाण्याची ही आयती परीक्षाच होय. ज्यास पक्की परीक्षा पाहिजे असेल त्यानें जोंधळ्याचे शंभर दाणे मोजून निराळे पेरावे. प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ति निदान ७५ टक्के असावी असा दंडक आहे. त्याहून कमी दाणे उगवल्यास बियाणें बदलावें किंवा त्या मानानें अधिक पेरावें.

इतर सणांतही हाच न्याय दिसतो. पोळ्यास बैलाच्या मानेवरचें जूं उतरतें व त्यास विसावा मिळतो. वसुबारसेस गाईची वासरासह पूजा होते आणि व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशीं दूध व दुधाचे पदार्थ खात नाहींत. पुढें मार्गशीर्षाच्या अमावास्येस येळवस येते. त्या दिवशीं कडब्याच्या कोपींत पांच दगड मांडून पूजा होते, शेतांत आंबील शिंपडतात, आणि भज्जी व आंबील खावयास आल्यागेल्यास हाक मारतात. सारांश, आपल्याकडे आभार तोंडानें मानीत नाहींत; ज्याचें घेतलें त्यास कांहींतरी परत देतात.

आतां ही सर्व देवघेव कोणाच्या हातानें होते, तें पाहूं. घट बसण्यापूर्वीं घरांतील गोधड्या, वाकळा व भांडीं धुऊन निघतात. तें काम घरधनिणीचें. भाकरी थापून, पाणी भरून, ती दिवस वर येण्याच्या आंत सोयाबीन काढावयास वावरांत जाते. घटास माळ तीच करते, उपवासही तिचाच असतो. संध्याकाळीं परत आल्यावर चूल, लेकरें व गुरांची वैरण तिची वाट पाहत असतात. खुरपणी, वेंचणी, पाखडणी, बियाणें राखेंत घालून जपणें, हींही बहुतेक तिचींच कामें. इतकें असून तिच्या वांट्यास काय येतें? दिवाळीच्या पाडव्यास ती धन्यास ओंवाळते व तो तबकांत लुगडें किंवा रुपये घालतो. ते रुपये बहुधा आठ दिवसांत घरांतच खर्च होतात.

सरकारी दप्तर पाहिलें तरी हाच प्रकार आढळतो. गांव नमुना सातमध्यें जमीन कोणाची तें लिहिलेलें असतें. नमुना बारामध्यें पीक, क्षेत्र व पाण्याचें साधन यांस रकाने आहेत. तें पीक कोणाच्या हातांनीं उभें राहिलें, यास रकाना नाहीं. सन २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें देशांतील वहिती खातेदारांत स्त्रियांचें प्रमाण सुमारें १४ टक्के होतें. शेतांत राबणाऱ्या हातांचें प्रमाण याहून किती अधिक आहे, हें कोणत्याही वावराच्या बांधावर उभें राहिल्यास दिसेल.

याचा परिणाम घर सुखांत असतां कळत नाहीं. महसुलाच्या चाकरींत असतां कित्येक विधवा भगिनी वारसनोंदीसाठीं येत, त्या वेळीं तो प्रस्तुत लेखकानें पाहिला आहे. वीस वीस वर्षें जें रान त्यांनीं खुरपलें, त्या रानाशीं आपला संबंध काय, हें त्यांस मृत्यूचा दाखला, वारसांची यादी व पंचांचे जबाब आणून सिद्ध करावें लागे. नोंद होईपर्यंत पीककर्ज किंवा अनुदान मागण्याची सोय नसे. आपला जिल्हा अवर्षणाचा. कर्त्या पुरुषाच्या आत्महत्येचें दुःख येथील अनेक घरांनीं सोसलें आहे. तेव्हां ही गोष्ट क्षुल्लक समजूं नये.

यावरचा उपाय नवा नाहीं. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनीं सन १९८६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी महिलांचें मोठें अधिवेशन भरविलें. त्यानंतर त्यांनीं 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ चालविली. धन्यानें आपल्या जमिनीचा कांहीं भाग स्वखुशीनें पत्नीच्या नांवें करावा, असें तिचें स्वरूप होतें. जळगांव जिल्ह्यांतील विटनेर गांवीं शंभराहून अधिक स्त्रियांचीं नांवें जमिनीस लागलीं. पुढें सन १९९२ मध्यें राज्य सरकारनें परिपत्रक काढून, पतीच्या हयातींतच पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून दाखल करण्याची सोय केली. यासाठीं खरेदीखत किंवा बक्षीसपत्र करावें लागत नाहीं.

रीत अशी. आपल्या खात्यावरील जमिनींत पत्नीचें नांव लावावें, असा अर्ज पतीनें स्वतः तलाठ्याकडे, म्हणजे ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, द्यावा. सोबत सातबारा व आठ-अ यांचे उतारे आणि दोघांचे ओळखीचे कागद जोडावे. त्यावरून नमुना सहामध्यें फेरफार लिहिला जातो व संबंधितांस नोटीस निघते. हरकतीसाठीं पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितात व नांव सातबारावर येतें. खातें भावाभावांचें सामाईक असल्यास पतीच्या हिश्शापुरतेंच हें करतां येतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणें ही नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते. ती मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. ज्यास पक्का हक्क द्यावयाचा असेल त्यानें वकिलाच्या सल्ल्यानें नोंदणीकृत दस्त करावा.

कित्येक बांधव म्हणतात, "घर एकच आहे, नांव कोणाचेंही असलें तरी काय?" त्यांस इतकेंच विचारावें कीं, घर एकच असेल तर तिचें नांव असण्यास हरकत कोणती? दुसरे म्हणतात, नांव लागलें कीं जमीन विकतांना तिची सही घ्यावी लागेल. हें खरें आहे. आणि पुष्कळदां तेंच घराच्या हिताचें ठरतें. संकटकाळीं सावकाराच्या ओसरीवर जमीन जाण्यापूर्वीं दोन माणसांनीं विचार केलेला बरा.

संयुक्त राष्ट्रसंघानें सन २०२६ हें स्त्री-शेतकऱ्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलें. परंतु आपल्या गांवीं हें काम वर्षानुवर्षें करण्यासारखें आहे. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत सुमारें तीन आठवडे असतात व नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची. तेव्हां दसरा होतांच अर्ज द्यावा, मधून मधून चौकशी करावी, आणि साधल्यास पाडव्याच्या तबकांत रुपयांबरोबर नव्या सातबाराचा उतारा घालावा. मातीस, बैलास व गाईस त्यांचें देणें आपण चुकवीत आलों आहों. घरच्या लक्ष्मीचेंही चुकवूं या.