हिरडा, उंडी आणि एचआयव्हीचे औषध



अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे हिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. खोकल्यावर, पोटाच्या तक्रारीवर तो घरोघरी वापरतात. मग रानातल्या या झाडपाल्यातून एचआयव्हीवर औषध का निघत नाही, हा प्रश्न साहजिकच मनात येतो.

आधी विषाणूचे काम पाहू. एचआयव्ही आपल्या पांढऱ्या पेशीत शिरतो, आपली जनुकीय माहिती डीएनएच्या रूपात उतरवतो, ती पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो आणि मग नवे विषाणू तयार करतो. पेशीत शिरल्यानंतरच्या प्रत्येक पायरीला त्याला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. ते विकर बंद पाडले की विषाणूची वाढ थांबते. वनस्पतींमध्ये शास्त्रज्ञ असेच अडवणारे पदार्थ शोधतात.

2002 मध्ये कोरियातील संशोधकांनी दाखवले, की हिरड्यातील काही घटक गुणसूत्रात घुसवणारे विकर परीक्षानळीत अडवतात. मात्र हिरड्यात टॅनिन भरपूर असते. त्यामुळेच तो तुरट लागतो आणि कातडी कमावायला उपयोगी पडतो. टॅनिन विषाणूच्याच नव्हे, तर कोणत्याही प्रथिनाला चिकटते. शिवाय आतड्यातून रक्तात फारसे पोहोचत नाही. म्हणून नळीत दिसलेला गुण रोग्याच्या अंगी लागेलच असे नाही.

दुसरे उदाहरण सारावाकचे. 1987 मध्ये तेथील जंगलातून आणलेल्या एका झाडाच्या नमुन्याने एचआयव्ही रोखला. संशोधक पुन्हा गेले, तेव्हा ते झाड तोडले गेले होते. शेवटी त्याच जातीची झाडे सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात सापडली. त्यातील कॅलॅनोलाइड हा पदार्थ पुढे प्रयोगशाळेत बनवला गेला, माणसांवर चाचण्याही झाल्या. पण औषध बाजारात आले नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावरची उंडी याच कुळातली. तिच्यातही असेच पदार्थ सापडले आहेत.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, जंगल तुटले तर न सापडलेले औषधही त्याबरोबर जाते. दुसरी, रानाची माहिती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांचा लाभात वाटा असला पाहिजे. 2002 च्या जैवविविधता कायद्यात तशी तरतूद आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीमार्फत लोक जैवविविधता नोंदवही केली जाते. आपल्या गावची नोंदवही झाली आहे का, याची चौकशी करावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे: आज एचआयव्ही पूर्ण बरा करणारा झाडपाला नाही. पण त्याला काबूत ठेवणारी एआरटीची औषधे 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती रोज नेमाने घेतली, तर रुग्ण दीर्घकाळ कामधंदा करू शकतो. रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. गोळ्या सोडून काढा सुरू केला, तर विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. गोळ्यांबरोबर काही वनौषधी घ्यायची असली, तरी आधी डॉक्टरांना सांगावे.

डोंगरातून केंद्रापर्यंत यायला एसटीचे भाडे लागते, दिवसाची मजुरी बुडते. तेवढ्यासाठीही गोळ्या चुकतात. मंडळीतील कोणी सोबत गेले, भाड्याची सोय केली आणि त्या घरचे गुपित राखले, तर तीही मोठी सेवा आहे. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे.