जुना बेलर घेताना काय तपासावे?

गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार किंवा उसाचे पाचट गठ्ठे बांधून ठेवले की जागा कमी लागते आणि वाहतूकही सोपी होते. नवा बेलर परवडत नाही म्हणून अनेक जण चौकोनी गठ्ठे बांधणारा जुना बेलर शोधतात. यंत्र चांगले मिळाले तर व्यवहार फायद्याचा ठरतो. मात्र नुसता रंग पाहून घेतलेले यंत्र ऐन हंगामात बंद पडते आणि एका पावसात शेतातले काड काळे पडते.

आधी कामाचा अंदाज घ्या

उसाचे पाचट हेक्टरी साधारण 8 ते 10 टन निघते, म्हणजे एकरी 3 ते 4 टन. खोडव्यात ओल टिकवण्यासाठी आणि जमिनीच्या सेंद्रिय कर्बासाठी यातले निम्मे तरी शेतातच राहू द्या. उरलेल्या दीड-दोन टनांचे, 15 किलोचा एक गठ्ठा धरला तर, एकरी 100 ते 130 गठ्ठे होतात. एका गठ्ठ्याला दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे 5 मीटर सुतळी लागते. सुतळी, डिझेल, मजूर आणि दुरुस्ती यांचा खर्च वजा करून हंगामात किती एकर काम मिळेल ते पाहा. मगच किंमत ठरवा. महाडीबीटीवरील अनुदान नव्या यंत्रासाठी असते, त्यामुळे जुन्या यंत्राच्या हिशेबात ते धरू नका.

यंत्र बंद असताना तपासणी

ट्रॅक्टर बंद करून पीटीओ शाफ्ट काढून ठेवा. त्यानंतरच यंत्राला हात लावा.

- नॉटर : बेलरचा जीव नॉटरमध्ये असतो. गाठ वळवणाऱ्या चोचीवर सुतळीच्या घासण्याने खोल चर पडले आहेत का ते पाहा. सुतळी कापणारे पाते धारदार हवे.
- सुया : फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून नॉटर चालू करा. सुया प्लंजरच्या खाचेतून कुठेही न घासता वर आल्या पाहिजेत. वाकवून सरळ केलेली किंवा वेल्डिंग केलेली सुई दिसली तर यंत्राचे टायमिंग कधीतरी बिघडले होते, असे समजा.
- शिअर बोल्ट : अडथळा आला की हा बोल्ट तुटतो आणि पुढचे महागडे भाग वाचतात. त्या जागी कोणताही कडक बोल्ट ठोकलेला असेल तर गिअरबॉक्स आणि प्लंजर अधिक बारकाईने पाहा.
- प्लंजर : प्लंजर वर-खाली हलवून पाहा. जास्त खेळ असेल तर बेअरिंग किंवा पट्ट्या झिजल्या आहेत. प्लंजरवरील आणि चेंबरवरील पात्यांतील अंतर एक मिलिमीटरपेक्षा कमी असावे. ते वाढले की काड कापले जात नाही, ओढले जाते.
- पिकअप : तुटलेले दाते मोजा. पाचटात चाललेल्या यंत्राचे दाते लवकर झिजतात, कारण ते बुडख्यांवर आणि मातीत घासतात.
- चेंबर : तळाचा पत्रा पातळ झाला आहे का, त्याला ठिगळे आहेत का ते पाहा.

गठ्ठे मोजणारा मीटर बंद असेल तर विक्रेत्याच्या आकड्यावर विसंबू नका. झीज पाहूनच भाव करा. सुटे भाग आणि मेकॅनिक आपल्या तालुक्यात मिळतात का, हेही विचारा.

चालवून पाहा

मोकळे फिरवलेले यंत्र नेहमीच चांगले वाटते. म्हणून प्रत्यक्ष शेतात किमान 50 गठ्ठे बांधून घ्या. शक्यतो आपलाच ट्रॅक्टर लावा. पीटीओ 540 फेऱ्यांवर ठेवा. किती गाठी सुटतात आणि त्या कोणत्या बाजूच्या, याची नोंद ठेवा. एकाच बाजूची गाठ वारंवार सुटत असेल तर दोष बहुधा त्या बाजूच्या नॉटरमध्ये किंवा सुतळीच्या ताणात असतो. दोन्ही बाजूंच्या गाठी सुटत असतील तर सुतळीचा दर्जा आणि टायमिंग तपासा.

वापरताना

- काडाच्या सारख्या ओळी करून घ्या. तुटक ओळीमुळे गठ्ठा एका बाजूला सैल होतो आणि वाकतो.
- ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास असताना गठ्ठे बांधा. ओले गठ्ठे आतून तापतात, बुरशी धरतात आणि गंजीला आग लागण्याचाही धोका असतो.
- नॉटर आणि बेअरिंगभोवती साचलेला भुसा रोज साफ करा. कोरड्या भुशात गरम बेअरिंग आगीला पुरेसे ठरते. सोबत पाणी आणि अग्निशामक ठेवा.
- तोंडाशी काड अडकले तर आधी पीटीओ आणि इंजिन बंद करा. फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावरच काड काढा. चालू पिकअपमध्ये हात किंवा पाय घालू नका.
- जनावरांना गठ्ठा सोडताना प्लॅस्टिकची सुतळी पूर्ण काढा. ती पोटात गेली तर जनावर दगावू शकते.

हंगामाच्या महिनाभर आधी खरेदी करा. पाती, दाते आणि नॉटर दुरुस्त करायला वेळ मिळतो, आणि विक्रेत्यालाही घाई नसल्याने यंत्र निवांत पाहता येते.