वेजचा तळ आणि कर्जतची माती

गोल्फमध्ये चेंडू जवळच उंच उडविण्यासाठी वेज नावाचा क्लब असतो. त्याची निवड पाते पाहून नव्हे, तळ पाहून करावी. पुढील धारेहून तळ जितके अंश खाली उतरतो, तितका त्याचा ‘बाउन्स’.

कर्जत-खालापुराकडील माती श्रावणात लोण्यासारखी असते. तेथे ४-५ अंशांचा तळ कुदळीप्रमाणे रुततो. १२ अंशांचा मात्र चिखलावरील फळीसारखा सरकतो. वैशाखात तीच भूमी दगड होते, अन् तोच तळ आपटून उसळतो. वाळूतील रुतण्यावर जीन साराझेन याने १९३२ साली तळाला धातू जोडून उपाय केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकली.

‘ग्राइंड’ म्हणजे टाचेकडील धातू घासून काढणे. त्यामुळे पाते उघडे धरूनही धार जमिनीलगत राहते. एकच वेज घेणे असेल, तर ८ ते १० अंशांचा बरा. खोल घाव घालणाऱ्याने थोडा अधिक घ्यावा.