परतलेल्या संदेशावरचा शेरा

दौंड तालुक्यातील पाटसच्या पत्त्यावर 412219 हा पिनकोड लिहिला जातो. त्यातील पहिला आकडा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा मिळून झालेला विभाग दाखवतो, पहिले तीन आकडे मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरवतात आणि शेवटचे तीन पत्राला नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत नेतात. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. परंतु टपाल खात्याचा त्याहून जुना गुण असा, की पत्र पोचले नाही तर पोस्टमन त्यावर ‘पत्ता अपुरा’ किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो आणि ते पाठवणाऱ्याकडे परत येते. ईमेलची व्यवस्थाही असाच शेरा मारते, मात्र तो आकड्यांत असतो, आणि तो कोणी वाचत नाही म्हणून अनेक साध्या तक्रारी विनाकारण रेंगाळतात.

ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहून प्रसिद्ध केले. पाठवणारा सर्व्हर पत्त्यातील ‘अॅट’ चिन्हापुढचा भाग, म्हणजे डोमेन, घेऊन त्या डोमेनची टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो हे डीएनएस या सार्वजनिक नोंदवहीत पाहतो, मग त्याच्याशी जोडणी करून पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला त्याला तीन आकडी उत्तर मिळते. 250 म्हणजे मान्य. चारने सुरू होणारा आकडा तात्पुरती अडचण सांगतो, त्यामुळे सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने, साधारण चार-पाच दिवस, पुन्हा प्रयत्न करत राहतो. पाचने सुरू होणारा आकडा कायमचा नकार असतो. त्याच्या जोडीला 5.1.1 असा बिंदूंनी तोडलेला दुसरा आकडा येतो आणि खरे कारण त्याच्या मधल्या अंकात असते : 1 असेल तर पत्ता चुकला, 2 असेल तर पेटीची अडचण, 4 असेल तर मार्गाची आणि 7 असेल तर सुरक्षेच्या धोरणामुळे नकार. नकाराची ही सूचना मुद्दाम प्रेषकाची जागा रिकामी ठेवून पाठवली जाते, कारण एरवी ती सूचनाही पोचली नाही, तर दोन सर्व्हर एकमेकांना अखंड सूचना पाठवत बसले असते.

एका पत्त्यावर पाठवलेला संदेश यादीतील सर्वांना वाटणाऱ्या सर्व्हरवर मात्र हा हिशेब गुंतागुंतीचा होतो. उसाच्या पट्ट्यातील एखादी सहकारी संस्था तोडणीचे वेळापत्रक शेकडो सभासदांना अशा यादीवरून कळवत असेल आणि एखाद्या सभासदाने आपला जुना पत्ता नव्या पत्त्याकडे वळवलेला असेल, तर नकार नव्या पत्त्याच्या नावाने परत येतो आणि तो पत्ता यादीत सापडतच नाही. डॅनियल बर्नस्टाइन यांनी 1990 च्या दशकात यावर सुचवलेला उपाय आजही सर्वांत नेटका आहे : संदेशाच्या लिफाफ्यावरील प्रेषकाच्या पत्त्यातच त्या त्या सभासदाचा पत्ता गुंफायचा, म्हणजे परत आलेला संदेश कोणाचा हे विचारावेच लागत नाही.

यादी सांभाळणारी सॉफ्टवेअरे परतलेल्या संदेशांचे गुण मोजतात आणि ठरावीक बेरीज झाली की त्या सभासदाचे वाटप थांबवतात. एप्रिल 2014 मध्ये याच सोयीचा निरपराध लोकांना फटका बसला. त्या महिन्यात याहूने जाहीर केले, की आपल्या पत्त्याचे नाव लावून आलेला पण पडताळणीत न उतरणारा संदेश सर्वांनी नाकारावा. पाठोपाठ एओएलनेही तेच केले. डीमार्क नावाची ही पडताळणी दोन गोष्टी पाहते, संदेशावरची गणिती सही शाबूत आहे का आणि तो अधिकृत सर्व्हरवरून निघाला आहे का, आणि यांपैकी निदान एक गोष्ट वाचकाला दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळावी लागते. यादीचा सर्व्हर विषयात यादीचे नाव आणि तळाशी एखादी टीप जोडत असल्याने सही मोडत होती, आणि संदेश निघत होता यादीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून. परिणामी याहूच्या सभासदाने लिहिलेले पत्र इतर सेवांनी नाकारले आणि दोषाचे गुण लिहिणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्यांच्या खात्यावर पडून त्यांची नावे यादीतून गळू लागली. पत्ता बरोबर, पेटी रिकामी, तरीही वाटप बंद, हा अन्यायच होता. पुढे प्रेषकाच्या जागी यादीचा पत्ता घालण्याची सोय रूढ झाली; ती ओबडधोबड असली तरी चालते.

मराठी वाचकांसाठी आणखी एक कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन 2014 मध्ये खुले झाले आणि देवनागरी ईमेल पत्त्यांचे मानक 2012 पासून उपलब्ध आहे, तथापि वाटेतील एखाद्याही सर्व्हरला ते उमगत नसेल तर पत्ता अचूक असूनही संदेश परततो, आणि त्यात चूक लिहिणाऱ्याची नसते.

म्हणून परत आलेला संदेश घाईने पुसून टाकू नये, आणि 5 चा शेरा असताना तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवू नये. व्यवस्थापकाकडे तक्रार करताना केवळ ‘मेल जात नाही’ असे न लिहिता, सूचनेच्या तळाशी असलेला तो क्लिष्ट दिसणारा मजकूर आकड्यांसह जसाच्या तसा जोडून पाठवावा.